आधी विद्यार्थ्याला रुग्ण तपासताना बघा

प्रश्न : मॅडम, विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात मी सहायक प्राध्यापक आहे. रुजू होऊन जेमतेम वर्ष झालं. आमची बॅच दीडशेची. लेक्चरला पहिल्या दोन रांगा सोडल्या तर बाकीच्यांचं डोकं मोबाइलमध्ये असतं. क्लिनिक्सला (वॉर्डातल्या तासाला) एका खाटेभोवती पंचवीस-तीस जण उभे राहतात, मागच्यांना रुग्ण दिसतसुद्धा नाही. एक जण केस वाचतो, मी प्रश्न विचारते, कोणी बोललं नाही की मीच उत्तर सांगते आणि वेळ संपते. परवा फायनल इयरच्या एका हुशार मुलाला स्प्लीन (प्लीहा) तपासायला सांगितली. स्प्लीन वाढण्याची कारणं त्याला तोंडपाठ होती, पण हात कुठून सुरू करायचा ते ठाऊक नव्हतं. पोस्टिंग (विभागातला नेमून दिलेला काळ) संपलं की लॉगबुकांचा (कौशल्यांच्या नोंदवह्यांचा) गठ्ठा सहीसाठी माझ्या टेबलावर येतो. वैद्यकीय शिक्षणाचा तीन दिवसांचा कोर्स मी केलाय. नोल्स, कोल्ब, मिलर हे शिक्षणतज्ज्ञ, पीबीएल (समस्येवर आधारित शिक्षण) असं बरंच ऐकलं, फाइलही मिळाली. वॉर्डात त्याचं करायचं काय? आमचे एचओडी (विभागप्रमुख) फार चांगले क्लिनिशियन आहेत. ते म्हणतात, ‘आम्ही बोलणी खाऊनच शिकलो, काही बिघडलं नाही.’ मुलं म्हणतात, ‘मॅडम, सगळं ॲपवर आहे.’ मी नेमकं काय बदलू?

— एक सहायक प्राध्यापिका

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रात स्प्लीनची गोष्ट मध्येच येऊन जाते. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या इतर सगळ्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत. तो मुलगा आता परीक्षेला बसेल, पास होईल, वर्षभरात इंटर्न म्हणून रात्रपाळी करेल. एवढ्या वर्षांत त्याला स्प्लीनवर कितीतरी प्रश्न विचारले गेले असतील. पण तो रुग्णाच्या पोटावर हात ठेवतोय आणि शिक्षक शेजारी उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतोय, असं बहुधा एकदाही घडलं नसेल. घडलं असतं तर पहिल्या मिनिटातच सगळं लक्षात आलं असतं.

आपण विद्यार्थ्याचं ऐकतो, त्याच्याकडे बघत नाही. केस ऐकतो, व्हायवा (तोंडी परीक्षा) ऐकतो, सेमिनार ऐकतो. गाण्याचे गुरुजी शिष्याला समोर बसवून गाऊन घेतात. रागाचा थाट, वादी-संवादी विचारून त्याला घरी पाठवत नाहीत. आपल्याकडे मात्र थाट विचारण्यातच तास संपतो. म्हणून तुमच्या ‘नेमकं काय बदलू’चं माझं उत्तर एकच आहे: रोज थोडा वेळ विद्यार्थ्याला रुग्ण तपासताना बघा, आणि जे दिसलं त्यावर तिथल्या तिथे बोला. बाकी जे लिहिते आहे ते यासाठी वेळ आणि जागा कशी काढायची, याबद्दल.

बघितल्यावर काय दिसतं ते स्प्लीनवरूनच सांगते. बहुतेक मुलं थेट डाव्या बरगड्यांखाली हात घालतात. स्प्लीन खूप वाढलेली असेल तर हात तिच्या वरच पडतो, खालची कड लागतच नाही आणि मुलगा ‘नॉट पाल्पेबल’ लिहून मोकळा होतो. हात उजव्या इलियाक फॉसापासून (पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून) निघून तिरका डाव्या बरगड्यांकडे जायला हवा. रुग्णाचे गुडघे वाकवलेले हवेत, पोट सैल हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा हात स्थिर राहिला पाहिजे. स्प्लीन खाली येऊन बोटांना लागते, बोटांनी तिच्या मागे धावायचं नसतं. श्वास सोडताना हात पुढे सरकवायचा. लागली नाही तर रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून पुन्हा बघायचं. यातलं प्रत्येक पाऊल पुस्तकात आहे आणि तुमच्या त्या मुलाने ते वाचलेलंही आहे. त्याचा हात श्वासाबरोबर हलतो की नाही, हे मात्र पुस्तक बघू शकत नाही. ते तुम्हीच बघू शकता. सिकलसेलचं मूल, सिऱ्होसिसचा रुग्ण, मलेरियाचा ताप हे सगळं तुमच्या वॉर्डात येत असताना विदर्भातला मुलगा स्प्लीन तपासायला न शिकता डॉक्टर व्हावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या फाइलीतला मिलर नेमकं हेच सांगतो. जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला. सगळ्यात खाली ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘प्रत्यक्ष कामात करतो’. २०१९ च्या बॅचपासून आपल्याकडे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्याच्या तक्त्यात प्रत्येक क्षमतेपुढे के, केएच, एसएच, पी अशी अक्षरं छापलेली असतात. ती याच पायऱ्या आहेत. तो तक्ता एकदा काढून बघा. मेडिसिनमधल्या किती क्षमतांपुढे ‘करून दाखवतो’ लिहिलंय आणि त्यातल्या किती आपण तोंडी विचारून ‘झालं’ म्हणतो, ते ताडून पाहा. आता नोल्स, कोल्ब आणि बाकीच्यांबद्दल. प्रौढ माणूस आपल्या अनुभवातून आणि गरजेतून शिकतो, अनुभवावर विचार केला तरच त्यातून काही हाती लागतं, एवढं त्यांच्याकडून घ्या आणि पुढे चला. वॉर्डात उभं राहिल्यावर त्याहून जास्त लागत नाही. आणि विद्यार्थ्यांकडून ‘तू बघून शिकतोस की ऐकून’ असले फॉर्म भरून घेऊ नका. प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, हे २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी तपासून मांडलंय.

आता वेळेचा प्रश्न. तीस जणांना एका खाटेभोवती उभं करू नका. तिघातिघांचे दहा गट करा, दहा रुग्ण द्या, पाऊण तास द्या. एक जण हिस्टरी घेईल, दुसरा तपासेल, तिसरा बघून लिहील. दुसऱ्या दिवशी कामं बदलतील. या पाऊण तासात तुम्ही स्टाफरूममध्ये जाऊ नका, फिरत राहा. रोज दोन विद्यार्थी निवडा आणि त्यांच्या शेजारी गप्प उभ्या राहा. एकाची फक्त तपासणी बघा, दुसऱ्याची फक्त हिस्टरी. प्रत्येकाला पाच मिनिटं. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये सुट्ट्या, रजा सगळं वजा जाता तुमच्या तिसांपैकी प्रत्येक जण एकदा तरी तुमच्या डोळ्यांखालून जातो. हा आकडा लहान वाटेल. पण आज तो शून्य आहे. जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत रेसिडेंट डॉक्टरांसाठी १९९५ मध्ये मिनी-सीईएक्स (mini-CEX) नावाची पद्धत मांडली, तीही अशीच: प्रत्यक्ष रुग्णाबरोबरचा छोटा तुकडा बघायचा, लगेच बोलायचं, वर्षभरात असे बरेच तुकडे जमवायचे. त्यांच्या फॉर्मच्या मागे लागू नका. एका वहीत नाव, तारीख आणि दोन ओळी पुरतात.

बघून झाल्यावर काय बोलायचं, हे बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ‘ठीक आहे, वाचत जा’ याने काही होत नाही. ‘तुला काहीच येत नाही’ यानेही होत नाही, कारण त्यात पुढे काय करायचं ते नाही. जॅक एंडे यांनी १९८३ मध्ये या विषयावर लिहिलेला लेख वैद्यकीय शिक्षक आजही वाचतात. त्यातलं सूत्र साधं आहे: स्वतः पाहिलेल्या कृतीवर बोला, माणसावर बोलू नका, जे सुधारता येण्यासारखं आहे तेवढंच बोला, आणि लवकर बोला. उदाहरणार्थ, ‘श्वास घेताना तुझा हात वर सरकत होता, म्हणून कड लागली नाही. आता हात तसाच ठेव आणि श्वासाची वाट बघ.’ दोन वाक्यं. मग त्याला लगेच पुन्हा करायला सांगा. हे ‘पुन्हा’ राहून गेलं तर बोललेलं वाया गेलं असं समजा.

केस ऐकताना काय करायचं, तेही सविस्तर लिहिते, कारण तुमचा तास तिथेच संपतो. समजा एक मुलगी सांगते, ‘अडतीस वर्षांची बाई, शेतमजूर, तीन आठवड्यांपासून ताप, संध्याकाळी जास्त, वजन कमी झालंय.’ इथे आपल्या तोंडातून सवयीने निघतं, ‘लांबलेल्या तापाची कारणं सांग.’ ती पाठ केलेली यादी म्हणते, कुठेतरी अडखळते, तुम्ही यादी पूर्ण करता. त्या बाईचा त्यात काही संबंधच राहत नाही.

त्याऐवजी एवढंच विचारा: ‘हिला काय झालं असावं असं तुला वाटतं?’ आणि थांबा. शांतता पसरेल, ती पसरू द्या. मागून कोणी कुजबुजलं तर हाताने थांबवा. ती म्हणेल, ‘टीबी असू शकेल, मॅडम.’

‘कशावरून?’

‘ताप संध्याकाळी येतो. वजन गेलंय. रात्री घाम येतो म्हणाली.’

‘न जुळणारं काही आहे?’

‘खोकला नाही. छातीचा एक्स-रेही साफ आहे.’

‘मग टीबीच असेल तर कुठे शोधशील?’

इथे ती विचारात पडेल. मग म्हणेल, ‘गाठींमध्ये... पण मी मान, काखा बघितल्या नाहीत.’

दोन मिनिटांत तुम्हाला कळलं की ही मुलगी विचार बरोबर करते, तपासणी अर्धवट करते. कारणांची यादी ऐकून हे कधीच कळलं नसतं. आता एकच नियम सांगा, जो उद्या दुसऱ्या रुग्णालाही लागू पडेल: ताप लांबला की मान, काखा, जांघा हाताने तपासल्याशिवाय केस पूर्ण होत नाही. मग चांगलं काय झालं ते नेमकेपणाने सांगा: ‘भूकच लागत नाही की जेवण जात नाही, हे तू बाईला वेगवेगळं विचारलंस, ते फार चांगलं केलंस.’ शेवटी चूक: ‘गाठी राहिल्या. आत्ता तपास, मी इथेच थांबते.’ मत द्यायला लावणं, आधार विचारणं, एक नियम शिकवणं, बरोबर ते सांगणं, चुकलेलं सुधारणं, अशा या पाच पायऱ्या आहेत. फॅमिली मेडिसिन शिकवणाऱ्या नेहर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९२ मध्ये त्या मांडल्या. गर्दीच्या ओपीडीतसुद्धा पाच मिनिटांत बसतात. कोर्समध्ये शिकवलेल्या सगळ्या पद्धतींपैकी एकच ठेवायची म्हटलं तर मी ही ठेवेन.

ती पहिली शांतता तुम्हाला जड जाईल. उत्तर माहीत असलेल्या शिक्षकाला गप्प बसणं फार कठीण असतं. पण विद्यार्थ्याने एकदा स्वतःचं मत जाहीर केलं की त्याला त्या रुग्णाचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायची ओढ लागते. संध्याकाळी तो रिपोर्ट बघायला वॉर्डात परत येतो. ही ओढ हजेरीच्या सक्तीने येत नाही.

आता तुमच्या एचओडी सरांचं. ‘आम्ही बोलणी खाऊन शिकलो’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते शिकले, उत्तम शिकले. पण ते बोलण्यांमुळे शिकले की रोज चार तास रुग्णांजवळ उभं राहिल्यामुळे, हा प्रश्न आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. भीतीचं एक ठरलेलं काम आहे: ती माणसाला लपवायला शिकवते. मायट्रल स्टेनोसिसच्या (हृदयाची झडप अरुंद झालेल्या) रुग्णाभोवती दहा मुलं उभी असतात. पहिला स्टेथोस्कोप लावतो, सर विचारतात, ‘ऐकू आला मर्मर (हृदयाचा जादा आवाज)?’ तो ‘हो’ म्हणतो. मग दहाही जण ‘हो’ म्हणतात. त्या दहांपैकी किती जणांनी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवलं होतं, किती जणांनी स्टेथोस्कोपची बेल (खोलगट बाजू) वापरली होती? तो खर्जातला आवाज डायफ्रामने (सपाट बाजूने), उताण्या रुग्णात, बहुतेकांना ऐकूच येत नाही. ज्याने ‘नाही आला’ म्हटलं असतं त्याला शिकवता आलं असतं. आणि हीच सवय घेऊन तो इंटर्न होतो. रात्री दोनला रुग्णाचं बीपी घेतलेलं नसताना केसपेपरवर आकडा लिहितो, कारण ‘घेतलं नाही’ म्हणण्याची भीती वाटते. तेव्हा किंमत रुग्ण मोजतो. म्हणून तुमच्या वॉर्डात पहिल्या दिवशी सांगून टाका: ‘मला ऐकू आलं नाही’ हे इथे मानाचं उत्तर आहे. आणि जो ते देईल त्याला पुढे बोलवा, त्याच्या हाताने बेल टेकवा, ऐकू येईपर्यंत थांबा. सगळे बघत असतात. आठवडाभरात वॉर्ड बदलतो.

सरांशी सिद्धांतावरून वाद घालू नका. तुम्ही त्यांना उत्तम क्लिनिशियन म्हणता, तर तेच त्यांच्याकडून मागा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये एकाच आवारात सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांच्या राऊंडमागे फिरूनच माणसं तयार झाली. ती परंपरा मौल्यवान आहे. तिच्यात एकच अडचण आहे: सरांच्या डोक्यात काय चाललंय ते विद्यार्थ्याला दिसत नाही. त्याला थेट निष्कर्ष ऐकू येतो. ॲलन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हाच मुद्दा धरून लिहिलं. सुताराचं किंवा शिंप्याचं काम शिकाऊ मुलाला डोळ्यांनी दिसतं. विचारांचं काम दिसत नाही, म्हणून ते उस्तादाने बोलून दाखवावं लागतं. सरांना विनंती करा: ‘सर, आठवड्यातून एक दिवस तुम्ही नवीन रुग्ण मुलांसमोर बघा आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.’ दारातून खाटेपर्यंत येताना त्यांना काय दिसलं, कोणती शंका आली, कोणत्या प्रश्नाने ती गेली, कुठे ते अजून साशंक आहेत. कोणत्याही एचओडींना ही विनंती आवडते, आणि मुलांना असं काही मिळतं जे कोणत्याही व्हिडिओत नाही. मोठे डॉक्टरही साशंक असतात हे त्यांना पहिल्यांदा ऐकू येतं.

या सगळ्यात खाटेवर पडलेल्या माणसाबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. रागावू नका, पण मला ते खटकलं. आपल्या सरकारी वॉर्डातला रुग्ण ‘नको’ म्हणू शकत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर औषध मिळणार नाही. त्याच्या दुखऱ्या पोटावर दहा जण हात दाबतात आणि एकही जण त्याचं नाव विचारत नाही. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी एटकॉमचे तास आहेत. ते हॉलमध्ये स्लाइड दाखवून उरकू नका, इथेच घ्या. मुलाने आधी नाव सांगायचं, ‘काका, आम्ही शिकणारी मुलं आहोत, तपासू का? दुखलं तर सांगा, थांबतो,’ असं विचारायचं. पडदा ओढायचा, हात चोळून गरम करायचे, लागेल तेवढंच पोट उघडं करायचं. एका रुग्णाला तिघांपेक्षा जास्त जणांनी दाबायचं नाही. हिस्टरीची पाच मिनिटं बघताना तुम्ही हेच बघा: मुलाने रुग्णाला बोलू दिलं का, की पहिल्या वाक्यातच तोडलं? तुमच्याच भागात सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहायला पाठवतं, आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. रुग्णाने गोळ्या मध्येच का सोडल्या, याचं उत्तर त्याच्या घरी जाऊन आलेल्या मुलाला वेगळं सुचतं. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्याच महाविद्यालयांना कुटुंब दत्तक कार्यक्रम लावून दिलाय. तो कम्युनिटी मेडिसिनचा विषय म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा, तुझ्या कुटुंबातल्या आजींचं बीपी सध्या किती आहे?

लेक्चरबद्दल थोडक्यात. नियमावलीच सांगते की निव्वळ लेक्चरं एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावीत. ती आणखी कमी करणं तुमच्या हातात नसेल, पण तासाच्या आत काय घडतं ते आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांनी १९९१ च्या सुमारास एक साधी रीत सुरू केली, ती दीडशे जणांच्या हॉलमध्येही चालते. वीस मिनिटं शिकवा, मग एक प्रश्न टाका. पंचावन्न वर्षांचा किडनीचा रुग्ण, डायलिसिस चुकलंय, पोटॅशियम ७.४, ईसीजीत टी ही लाट उंच आणि टोकदार, क्यूआरएस हा भाग रुंद झालेला. सगळ्यात आधी काय द्याल: इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, कॅल्शियम ग्लुकोनेट, की थेट डायलिसिस? हात वर करून मतं घ्या, उत्तर सांगू नका. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडू द्या आणि पुन्हा मतं घ्या. चारही उपचार या रुग्णाला लागणारेच आहेत, म्हणूनच भांडण होतं. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, पण काही मिनिटांत हृदय सांभाळलं जातं आणि बाकीच्या उपचारांना वेळ मिळतो. हे वाद घालून कळलेला मुलगा विसरत नाही. प्रश्न मात्र असा हवा की निम्मा वर्ग चुकेल.

‘सगळं ॲपवर आहे’ म्हणणाऱ्या मुलांवर चिडू नका. त्यांच्या मानेवर नीट-पीजी बसलेली आहे आणि माहिती खरोखरच ॲपवर आहे. फक्त त्यांना एक गोष्ट दाखवून द्या. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. दीडपट वेगाने व्हिडिओ बघताना ‘येतंय’ असं वाटतं ते याच पाच मिनिटांतलं. म्हणून तुमच्या क्लिनिकची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: आज बघितलेल्या रुग्णावरच, परीक्षेच्या धाटणीचा एक प्रश्न, वही बंद करून. आणि गेल्या आठवड्यातल्या रुग्णावर दुसरा. मुलांना परीक्षेचा फायदा दिसतो आणि ती वॉर्डात येतात.

पीबीएल करू नका. पद्धत उत्तम आहे. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये तिच्यावर अख्खं महाविद्यालय उभं केलं. पण तिला सात-आठ जणांच्या गटामागे एक तयार ट्यूटर लागतो. दीडशेच्या बॅचला वीसेक ट्यूटर तुमचा विभाग कुठून आणणार? नावापुरतं केलं की मुलांचा त्यावरचा विश्वास उडतो आणि पुढे खरोखर करणाऱ्याचीही वाट बंद होते. ती शक्ती रेसिडेंट्सवर खर्च करा. रात्री कॅज्युअल्टीत इंटर्नला शिकवणारा शिक्षक तोच असतो, आणि त्याला शिकवायचं कसं हे कोणी सांगितलेलं नसतं. एका दुपारी चहा पाजून अर्धा तास त्या पाच पायऱ्या करून घ्या. प्रोसिजर शिकवताना ब्रिटिश सर्जन रॉडनी पेटन यांची रीत द्या: आधी न बोलता पूर्ण करून दाखवायचं, मग प्रत्येक टप्पा समजावत, मग विद्यार्थी सांगेल तसं आपण करायचं, आणि शेवटी तो सांगत सांगत स्वतः करेल. तिसऱ्या टप्प्यात त्याच्या डोक्यातली चूक सरावाच्या पुतळ्यावरच पकडली जाते, रुग्णाच्या हाताला सुई लागण्याआधी.

राहिलं लॉगबुक. गठ्ठ्यावर सही करणं बंद करा, आणि हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशीच जाहीर करा, शेवटच्या दिवशी नव्हे. तक्त्यातली सगळी कौशल्यं तुम्ही एकट्या बघू शकणार नाही. तुमच्या पोस्टिंगपुरती आठ निवडा: बीपी, स्प्लीन-लिव्हर, गाठी, मानेच्या शिरांचा दाब, श्वसनाची तपासणी, मर्मर, प्लँटार (तळपायाचा) रिफ्लेक्स, इन्सुलिन द्यायला रुग्णाला शिकवणं. या आठांवर सही फक्त पाहिल्यावर, मग ती तुमची असो की रेसिडेंटची. पोस्टिंगच्या शेवटी एका दुपारी पाच स्टेशनांची ऑस्की (प्रत्येक स्टेशनवर एक ठरावीक काम करून दाखवायची परीक्षा) लावा. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ मध्ये ती सुरू केली, कारण लाँग केसमध्ये (एकाच रुग्णावरच्या सविस्तर परीक्षेत) कोणता रुग्ण आणि कोणता परीक्षक वाट्याला येतो यावर निकाल फिरत होता. तुमच्या त्या मुलाचंही तेच झालं असतं: डायबेटिसची केस आली असती तर स्प्लीन येत नाही हे कुणाला कळलंच नसतं. सरांना एका स्टेशनवर बसवा, हातात दहा ओळींची चेकलिस्ट द्या आणि सांगा की विचारायचं काहीच नाही, फक्त बघायचं. तीस मुलं एकापाठोपाठ, वेगवेगळ्या रुग्णांवर, स्प्लीन तपासताना त्यांनी बघितली की पुढची चर्चा ते स्वतः सुरू करतील.

एकदम सगळं करू नका. पुढच्या पोस्टिंगला तिघांचे गट, रोज दोन जणांना बघणं आणि ‘तुला काय वाटतं’ हा प्रश्न, एवढंच. शेवटची पाच मिनिटं त्याच्या पुढच्या पोस्टिंगपासून, ऑस्की तिसऱ्यापासून. आणि तो फायनल इयरचा मुलगा अजून हॉस्टेलवर असेल. त्याला उद्याच बोलवा, वॉर्डात स्प्लीन लागणारा रुग्ण शोधून ठेवा, आणि त्याचा हात उजव्या इलियाक फॉसावर ठेवून सुरुवात करून द्या.

तुमची,
मॅडम